डापाग्लिफ्लोझिन: एकदा नको तेव्हा बंद, एकदा नको तेव्हा चालू

हे प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. मूत्रपिंडाच्या (किडनीच्या) जुनाट आजारात डापाग्लिफ्लोझिन (मुळात मधुमेहाची, आता किडनी जपण्यासाठीही दिली जाणारी गोळी) घेणाऱ्यांच्या बाबतीत जे दोन घोळ होताना दिसतात, ते एकाच रुग्णाच्या कहाणीत गुंफून ते रचलं आहे. आकडे प्रत्यक्ष रिपोर्टवर दिसतात तसेच ठेवले आहेत. इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे दुसरा घोळ पहिल्या घोळावर दिलेल्या सल्ल्यातूनच निघाला. दोन्ही वेगवेगळे सांगितले तर ही साखळी दिसत नाही.

रुग्ण आणि औषध

वय ५८, पुरुष. टाइप २ मधुमेह चौदा वर्षांपासून, रक्तदाब नऊ वर्षांपासून. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा, किडनी मंदावली की रक्तात वाढतो) १.९, म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाजी वेग, जितका कमी तितकी किडनी कमजोर) साधारण ४०. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रथिन गळतंय त्याचं माप) ६२०. ईजीएफआर ३० ते ४४ म्हणजे किडनीच्या आजाराचा ३-ब टप्पा, आणि ३०० च्या वर अल्ब्युमिन म्हणजे प्रथिनगळतीची सर्वांत वरची पायरी. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की किडनी पुढे झपाट्याने खालावण्याचा धोका मोठा असतो. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ७.६, पोटॅशियम ४.८, रक्तदाब १३८/८२, पायाला सूज नाही.

चालू औषधं: टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ (रक्तदाबाचं, किडनीलाही जपणारं), क्लोरथॅलिडोन १२.५ मिग्रॅ (डाययुरेटिक, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं), मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दोनदा, ॲटोर्वास्टॅटिन, आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १८ युनिट.

यात डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ रोज एक, अशी भर घातली. या निर्णयात वावगं काही नव्हतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी चाचणीत ४३०४ रुग्ण होते, मधुमेह असलेले आणि नसलेलेही. ईजीएफआर निम्म्याहून खाली येणं, किडनी निकामी होणं, किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, या सगळ्या घटना मिळून औषध घेणाऱ्यांत ९.२ टक्के आणि नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत १४.५ टक्के निघाल्या. अवघ्या अडीच वर्षांच्या आत एवढा फरक. टेल्मिसार्टनसारखं औषध बहुतेक सगळे आधीच घेत होते, म्हणजे हा फायदा त्याच्या वरचा. आपल्या रुग्णाचे आकडे त्या चाचणीच्या चौकटीत चपखल बसत होते. टाइप १ मधुमेह नाही, किडनीत आनुवंशिक गाठी नाहीत, स्टेरॉइडचे मोठे डोस चालू नाहीत. गोळी द्यायलाच हवी होती.

इन्सुलिनचा डोस तसाच ठेवला, तेही योग्यच. ईजीएफआर ४५ च्या खाली गेलं की या गोळीचा साखर उतरवण्याचा गुण बराच ओसरतो, कारण मुळात किडनीतून गाळली जाणारी साखरच कमी झालेली असते. किडनी वाचवण्याचा गुण मात्र टिकतो. त्यामुळे ‘नवीन गोळी आली, आता इन्सुलिन निम्मं करू’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

कागदावर लिहिलं होतं: सकाळी एक, जेवणाआधी वा नंतर कसंही, तीन आठवड्यांनी रक्ततपासणी. तपासणीत काय दिसेल, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिला घोळ

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.२ आलं. ईजीएफआर ३४. लघवीच्या रिपोर्टवर ‘ग्लुकोज’समोर चार अधिक चिन्हं. प्रयोगशाळेने दोन्ही आकडे ठळक छापले होते, जोडीला लाल बाण.

मुलगा म्हणाला, “बाबा, गोळी किडनीसाठी दिली आणि किडनीच बिघडतेय.” त्याच दिवशी गोळी बंद झाली. डॉक्टरांना कळवलं नाही, कारण भेट दोन महिन्यांनी होती. पाच आठवड्यांनी स्वतःच पुन्हा तपासणी करून घेतली. क्रिएटिनिन १.९. घरात सगळ्यांची खात्री पटली की दोष गोळीचाच.

त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. अर्थ तेवढा चुकीचा लावला.

रक्त गाळून पुढे गेलेली साखर परत शोषून घ्यायचं काम किडनीच्या नलिकांच्या सुरुवातीच्या भागात होतं. त्यातलं सुमारे ९० टक्के काम करणाऱ्या वाहकाला ही गोळी अडवते. साखरेबरोबर तिथे शोषलं जाणारं मीठही पुढे वाहत जातं. नलिकेच्या पुढच्या टप्प्यावर मिठाची चाहूल घेणाऱ्या पेशी असतात. तिथे जास्त मीठ पोचलं की त्या ‘गाळप फार होतंय’ असा इशारा देतात आणि गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी आवळली जाते. बागेच्या पाइपाचा नळ थोडा आवळला की पाइपातला ताण उतरतो आणि पाणीही थोडं कमी येतं, तसंच हे. ताण उतरल्यामुळे गाळणी वर्षानुवर्षं टिकते. पाणी कमी आलं, त्याचा पुरावा म्हणजे क्रिएटिनिनमधली ही छोटी वाढ. गोळी बंद केल्यावर आकडा मूळपदावर आला, कारण ताणही मूळपदावर गेला. त्या पाच आठवड्यांत गाळणी पुन्हा जुन्याच दाबाखाली काम करत होती.

सुरुवातीला ईजीएफआर किती उतरलेलं चालतं? साधारण ३० टक्क्यांपर्यंत, आणि तेही माणूस बाकी ठणठणीत असेल तर. ४० वरून ३४ म्हणजे १५ टक्के. ३० टक्क्यांपलीकडे घसरण झाली तर आधी शरीरातलं पाणी कमी झालंय का, डाययुरेटिक जास्त होतंय का, कुणी वेदनाशामक सुरू केलंय का, हे बघायचं. थेट या गोळीवर कुऱ्हाड चालवायची नाही. आणि लघवीतली साखर? ती दिसणारच, तिला बाहेर टाकणं हीच तर या गोळीची करणी. गोळी चालू असताना लघवीतल्या साखरेवरून मधुमेहाचा अंदाज बांधणं निरर्थक आहे.

हे सगळं दोन वाक्यांत आधी सांगता आलं असतं: ‘तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन थोडं वाढेल, ते अपेक्षित आहे. २.६ च्या पुढे गेलं तर फोन करा.’ हातात एक आकडा असता तर मुलाने तो रिपोर्टशी ताडून पाहिला असता. माझ्या मते अशा औषधाबरोबर ‘काय अपेक्षित आहे’ हे न सांगणं म्हणजे अर्धंच औषध देणं. जुनाट किडनीच्या आजारात रुग्णाला गोळीचा गुण कधी जाणवत नाही. त्याला जाणवतो तो फक्त रिपोर्टचा आकडा, आणि तोही आधी उलट्या दिशेने जातो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी चिठ्ठीवर लिहिलं: ‘डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, रोज सकाळी. किडनीचं औषध. बंद करू नये.’ शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. तोंडी बजावलं, “ही साखरेची गोळी समजू नका. काही झालं तरी स्वतःहून थांबवायची नाही.”

झालेल्या चुकीवरचा उतारा म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण या सल्ल्यालाही अपवाद होते आणि ते चिठ्ठीवर आले नाहीत.

दुसरा घोळ

चार महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी संध्याकाळी उलट्या आणि जुलाब सुरू झाले, रात्री ताप.

पुढचे तीन दिवस घरात जे घडलं त्यातला एकही निर्णय बेफिकिरीने घेतलेला नव्हता. म्हणूनच ते नीट पाहण्यासारखं आहे.

सकाळच्या सगळ्या गोळ्या दिल्या गेल्या. चिठ्ठी समोरच होती आणि तिच्यावर दोन रेघा होत्या. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तेव्हा पत्नीने ‘किडनीची गोळी पडली असेल’ म्हणून ती तेवढी पुन्हा दिली. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, सगळं चालू. अंग ठणकत होतं म्हणून घरात पूर्वीची उरलेली डायक्लोफिनॅकची पट्टी निघाली, त्यातल्या तीन गोळ्या पोटात गेल्या.

इन्सुलिन मात्र दोन रात्री टोचलं नाही. “पोटात काही नाही, साखर एकदम उतरेल,” असं त्यांनी स्वतःच ठरवलं. साखर उतरण्याच्या धोक्याबद्दल मधुमेहींना इतकं बजावलेलं असतं की हा विचार मनात येणारच. तिसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवर १६४ दिसलं. इन्सुलिन न घेता, आजारपणात १६४! घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

खरं तर तिथेच सगळं फसत होतं. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठत जातात. एरवी अशा वेळी साखरही ३००-४०० च्या घरात जाते आणि मीटर बोंब ठोकतो. डापाग्लिफ्लोझिन घेतलेल्या माणसात ती साखर लघवीवाटे गळत राहते. मीटर शांत, आणि कीटोन आपले वाढतच आहेत. साखर कमी राहिल्याने उरलंसुरलं इन्सुलिनही शरीर कमी सोडतं, ग्लुकॅगॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक वाढतं, आणि कीटोन तयार व्हायला आणखी जोर येतो. उपासमार आणि पाणी कमी होणं त्यात तेल ओततात.

चौथ्या दिवशी सकाळी पोटात दुखू लागलं, धाप लागली. उलट्या तर आदल्या दुपारनंतर थांबल्या होत्या, मग धाप कसली, हे कुणाला उमगेना. रुग्णालयात नेलं.

तिथल्या नोंदी: रक्तदाब ९४/६०, श्वास मिनिटाला २८, साखर १८६. क्रिएटिनिन ३.९, पोटॅशियम ५.८. सोडियम १३४, क्लोराइड १०३, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शोषून घेणारा घटक) ८. पीएच ७.२२, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं, “मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?” रुग्णाने सांगितलं, “मेटफॉर्मिन. आणि रात्री इन्सुलिन.” उत्तर प्रामाणिक होतं. दुसरी गोळी किडनीची होती, साखरेची समजू नका असं त्यांना बजावलेलं होतं. पहिला अंदाज असा झाला की जुलाबाने पाणी गेलं, किडनीला फटका बसला, आणि त्यात मेटफॉर्मिनमुळे लॅक्टिक आम्ल साठलं. लॅक्टेट आलं २.४. एवढ्याने बायकार्बोनेट ८ वर येत नाही. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं तर २३ उरतात, नेहमीपेक्षा बरेच जास्त. म्हणजे रक्तात दुसरं कुठलं तरी आम्ल आहे. औषधांची पिशवी उलटी करून पट्ट्या एकेक वाचल्या तेव्हा डापाग्लिफ्लोझिन सापडलं. तोवर तीन तास गेले होते. रक्तातलं कीटोन तपासलं: ५.४ मिलिमोल.

साखर फारशी न वाढता झालेली कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांबाबत मे २०१५ मध्येच हा इशारा दिला होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर साखरेची अट सैल केली आहे. माणसाला आधीपासून मधुमेह असेल तर साखर कितीही असो, कीटोन ३ किंवा अधिक आणि पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट १८ च्या खाली एवढं निदानाला पुरतं. आणि कीटोन रक्तातलंच तपासायचं. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते. या आजारात जास्त असतं ते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि ते त्या पट्टीला कळत नाही.

उपचार ठरलेले: सलाईन, शिरेतून इन्सुलिन, आणि साखर मुळातच कमी असल्याने इन्सुलिनबरोबर पहिल्यापासून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन). टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन सगळं थांबवलं. पोटॅशियम इन्सुलिनबरोबर झपाट्याने उतरतं, म्हणून ते दर काही तासांनी पाहिलं. एक गोष्ट इथे वेगळी घडली. दुसऱ्या दिवशी आकडे सुधारले म्हणून शिरेतलं इन्सुलिन थांबवलं आणि रात्री कीटोन पुन्हा चढलं. या गोळीचं अर्धायुष्य (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे १३ तास, तरी लघवीतून साखर गळणं त्या हिशेबाने थांबत नाही, कित्येक दिवस रेंगाळतं. इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज पुन्हा सुरू करावं लागलं. डायलिसिसची वेळ आली नाही. घरी जाताना क्रिएटिनिन २.३ होतं.

किडनीला बसलेला फटका वेगळा मोजायला हवा, कारण तो एकट्या डापाग्लिफ्लोझिनचा नाही. पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल ठेवतं, डायक्लोफिनॅक आत आणणारी धमनी आवळतं, आणि डाययुरेटिक उरलंसुरलं पाणी काढून टाकतं. तिन्ही मिळून गाळणीतला दाब पार खाली येतो. घरात उरलेल्या त्या पट्टीवर जुनाट किडनीच्या रुग्णाच्या घरात बंदीच असायला हवी होती. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चाललं असतं. सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांत आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं आणि पुढच्या बाजूला ते नाव मोठ्या अक्षरांत नसतंच, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पुन्हा द्यायची का?

इथे डॉक्टरांमध्येही दुमत होतं, आणि ते असायला हवं. ही गोळी चालू असताना कीटोॲसिडोसिस झाली तर ती पुन्हा सुरू करू नये, असाच सर्वसाधारण दंडक आहे. अपवाद एकच: दुसरं स्पष्ट कारण सापडलं असेल आणि ते दूर झालं असेल तर.

कारण सापडलं होतं का? इन्सुलिन दोन रात्री चुकलं, पोटात अन्न नव्हतं, पाणी गेलं, आणि गोळी चालूच राहिली. चारही गोष्टी टाळता येण्यासारख्या. पण एवढ्यावर भागत नाही. या माणसाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन कितपत बनवतं, हे बघणं आवश्यक होतं. टाइप २ म्हणून वर्षानुवर्षं उपचार चाललेला एखादा रुग्ण प्रत्यक्षात हळूहळू वाढणाऱ्या टाइप १ चा निघतो, आणि त्याला ही गोळी म्हणजे कायमचा धोका. बरं वाटल्यावर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी तपासणी) तपासलं, ते समाधानकारक आलं. टाइप १ ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह.

दुसरा पर्याय फिनेरेनोन या किडनी जपणाऱ्या दुसऱ्या औषधाचा होता. पण त्याने पोटॅशियम वाढतं. फिडेलिओ-डीकेडी चाचणीत पोटॅशियम वाढल्यामुळे औषध सोडावं लागलेले २.३ टक्के होते, औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीच्या गटात ०.९. आपल्या रुग्णाचं पोटॅशियम टेल्मिसार्टन परत सुरू केल्यावर ४.९ होतं, आणि ५ च्या वर असेल तर फिनेरेनोन सुरू करत नाहीत. इतक्या काठावर ते औषध सुरू करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधानेही किडनीला फायदा होतो, हे २०२४ च्या फ्लो चाचणीत दिसलं आहे. तो विचार पुढच्यासाठी राखून ठेवला.

जोखीम किती, याचाही अंदाज हवा. डापा-सीकेडीत डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या एकालाही कीटोॲसिडोसिस झाली नव्हती. ६६०९ जणांच्या एम्पा-किडनी चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन हे याच गटातलं औषध घेणाऱ्या सहा जणांना आणि दुसऱ्या गटात एकाला झाली. म्हणजे घटना दुर्मीळ आहे. पण चाचणीतल्या रुग्णावर सतत कुणीतरी लक्ष ठेवून असतं. घरी उलट्या होत असताना दोन रेघा मारलेल्या चिठ्ठीशिवाय कुणी नसतं.

सहा आठवड्यांनी, क्रिएटिनिन २.१ वर स्थिरावल्यावर, गोळी पुन्हा सुरू करायचं ठरलं. कुणी ‘नको’ म्हटलं असतं तरी मी ते चूक मानलं नसतं. मला पटलेला मुद्दा असा की ६२० अल्ब्युमिन असलेल्या माणसाला या औषधाचा फायदा मोठा आहे, आणि धोक्याची वेळ आधी ओळखता येते. क्लोरथॅलिडोन मात्र परत दिलं नाही. रक्तदाब त्याच्याशिवाय आटोक्यात होता आणि दोन पाणी काढणारी औषधं कशाला? मेटफॉर्मिनही पुढच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवलं, कारण ईजीएफआर ३० च्या खाली गेलं तर ते चालत नाही आणि हा रुग्ण आजारपणात त्या रेषेच्या खाली जाऊन आला होता.

नवी चिठ्ठी

‘बंद करू नये’ हे तीन शब्द गेले. त्यांच्या जागी हाताने लिहिलेलं अर्धं पान आलं. त्यातला मजकूर असा:

‘डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, सकाळी. किडनीसाठी दिलेलं, मधुमेहाच्या औषधांच्या गटातलं. कुणीही विचारलं तर दोन्ही सांगा.

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.३-२.४ होईल. घाबरू नका, गोळी चालू ठेवा. २.८ च्या पुढे गेलं तर फोन.

उलट्या, जुलाब, जोराचा ताप, किंवा नेहमीसारखं खाणं-पिणं जमत नसेल तर त्या दिवसापासून डापाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन थांबवा. उलटीत पडलेली गोळी पुन्हा घेऊ नका. इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, किती घ्यायचं ते फोन करून विचारा. वेदनाशामक नाही, फक्त पॅरासिटामॉल.

मळमळ, पोटदुखी, धाप, विलक्षण थकवा यांपैकी काही असेल तर साखर कितीही चांगली असो, रुग्णालयात जा आणि सांगा: रक्तातलं कीटोन तपासा.

एक-दोन दिवस नीट जेवण-पाणी झालं की दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू. थांबवल्याचं आणि सुरू केल्याचं कळवा.

उपाशी राहायची तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल तर आधी विचारा.’

शेवटून दुसऱ्या परिच्छेदाचं महत्त्व मी सगळ्यांत जास्त मानतो. किडनीच्या आजारावरच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे आहे: आजारपणात औषध थांबवलं तर ते पुन्हा कधी सुरू करायचं, हे रुग्णाला स्पष्ट सांगावं. नाहीतर दोन दिवसांसाठी थांबलेली गोळी सहा महिने थांबते आणि पहिल्या घोळाचीच नवी आवृत्ती निघते. याची दुसरी बाजूही आहे. साध्या सर्दीला, एखाद्या पातळ शौचाला लोक हाच नियम लावू लागतात. म्हणून चिठ्ठीत रोगाचं नाव नाही, ‘नेहमीसारखं खाणं-पिणं जमत नसेल तर’ असं आहे. कसोटी ती.

स्वच्छतेबद्दलचं एक वाक्य तोंडी सांगितलं गेलं. लघवीत साखर असल्याने गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, खाज सुटली तर मलमाने बहुधा भागतं. पण त्या भागात वेदना, सूज, लाली आणि सोबत ताप असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. तो गंभीर संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर तासातासाला पसरतो.

गोळी परत सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.३ आलं. लाल बाण होताच. मुलाने चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि रिपोर्ट फाइलला लावला. सहा महिन्यांनी अल्ब्युमिनचा आकडा ३८० वर आला होता.

त्यानंतर हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली, एका सोमवारी. शस्त्रक्रियेआधी भरायच्या कागदावर दोन प्रश्न होते: रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाची औषधं. या वेळी दुसऱ्या रकान्यात डापाग्लिफ्लोझिन लिहिलं गेलं. भूलतज्ज्ञांनी गुरुवारची गोळी शेवटची, असं सांगितलं, कारण शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस ती थांबवावी लागते. इन्सुलिनचा डोस ठरवून दिला, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी रक्तातलं कीटोन तपासलं. गोळी परत सुरू झाली ती घरी आल्यावर, जेवण पूर्ववत झाल्यानंतर.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तेव्हा पोटॅशियम, ईजीएफआर आणि अल्ब्युमिन पाहिलं जाईल. मेटफॉर्मिन परत द्यायचं की नाही ते त्यावर ठरेल. डापाग्लिफ्लोझिनबाबत एवढं आधीच बोलून ठेवलं आहे की पुढेमागे ईजीएफआर २५ च्या खाली गेलं तरी तेवढ्यासाठी ते काढायचं नाही. तिथे ते सहसा नव्याने सुरू करत नाहीत, पण आधीपासून चालू असलेलं सोसत असेल तर डायलिसिस सुरू होईपर्यंत चालू ठेवता येतं.